वडिलांची एक नोकरी, माझ्या पाच

माझा जन्म १९८६चा. वडिलांनी ३४ वर्षं एकाच ठिकाणी काम केलं, मी आतापर्यंत पाच नोकऱ्या बदलल्या. ते म्हणतात, "तुमच्या पिढीला धीर नाही." हे मनाला लागतं. २००८च्या मंदीत पदवी घेऊन बाहेर पडले, पहिली नोकरी सात महिन्यांत गेली. धीर कुठे धरायचा होता?

— धीराचा संबंधच नाही ताई. पूर्वी ठरलेल्या पेन्शनची हमी मालक देई, म्हणून चिकटून राहण्यात फायदा होता. आता बऱ्याच ठिकाणी आपलेच पैसे बाजारात जातात. तो पडला तर नुकसान आपलं. जोखीम मालकाकडून आपल्या खांद्यावर आली, हा खरा बदल.

— मी तुमच्या वडिलांच्या वयाचा. कंटाळा आम्हालाही यायचा, पण घरी ते बोलायची सोय नव्हती. मुलांची आजारपणं बायकोनं एकटीनं काढली. माझा मुलगा मात्र बाळासाठी रजा घेऊन घरी बसला. तेव्हा मी त्याच्यावर चिडलो होतो, याचं आज फार वाईट वाटतं.

— काका, तुमचं उत्तर आज बाबांना वाचून दाखवते.