मदत हवी आहे: बिबट्याचा ठराव राज्याला पाठवायचा की केंद्राला?

नमस्कार मंडळी,

जुन्नर तालुक्यातून लिहितोय. पुढच्या आठवड्यात ग्रामसभा आहे आणि बिबट्याच्या ठरावाचा मसुदा माझ्याकडे आलाय. मागच्या महिन्यात गोठ्यातून आमचं वासरू गेलं. सकाळी खुंट्याला नुसतं तुटलेलं दावं. वनरक्षकांनी पंचनामा केला, पण बंदोबस्ताचं विचारलं की "कायदा केंद्राचा आहे" म्हणतात. अहो, पण वनखातं तर राज्याचं!

घटनेची सातवी अनुसूची, म्हणजे कोणत्या विषयावर केंद्राने आणि कोणत्यावर राज्याने कायदा करायचा याची यादी, काढून वाचली. शेती राज्यसूचीत आहे. वनं आणि वन्यप्राणी आधी राज्यसूचीत होते, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात त्या यादीत, गेले. मग वन्यजीव संरक्षण कायदा संसदेने १९७२ मध्येच कसा केला? आणि आपली विधानसभा आता वेगळा कायदा करू शकते का? जाणकारांनी कृपया सांगावं, सभेत चुकीचं बोलायचं नाहीये.

प्रतिसाद:
दादा, घटनेचं कलम २५२ बघा. दोन किंवा जास्त राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केला, तर राज्यसूचीतल्या विषयावरही संसद त्यांच्यासाठी कायदा करू शकते. १९७२ चा कायदा तसाच झाला. आता विषय समवर्ती आहे, म्हणून कलम २५४ लागतं. दोन कायद्यांत विरोध आला तर केंद्राचा चालतो. राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली तर त्या राज्यापुरता तो टिकतो, पण संसद पुढे तोही बदलू शकते.

तुमच्या कामाचं मात्र कलम ११ आहे, १९७२ च्या कायद्यातलं. बिबट्या त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे आणि ती अनुसूची बदलणं केंद्राच्या हातात. पण एखादा बिबट्या माणसाच्या जिवावर उठला, तर लेखी आदेश राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देतात. मारण्याचा आदेश मात्र पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्यच नसेल तेव्हाच. पिंजरे, गस्त, भरपाई हे सगळं राज्याकडेच मागा.

धागाकर्ता:
खूप आभार! म्हणजे पत्र राज्यालाच. एकच राहिलं. शेतीपंपाला वीज रात्रीची येते, उसाला पाणी द्यायला अंधारात जावं लागतं, आणि जिवाची खरी भीती तिथेच आहे. दिवसा वीज ही मागणी कुठे घालू?

प्रतिसाद:
वीजही समवर्ती सूचीतच, नोंद ३८. पण आपली वितरण कंपनी राज्य सरकारची आहे. त्याच ठरावात घाला, आणि पहिल्या क्रमांकावर घाला.