सेवापूर्तीच्या पत्रिकेत ‘युलॉजी’ छापलं तर बिघडलं काय?

पोवईनाका :
एका शाळेच्या पत्रिकेत मॅडमच्या सेवापूर्तीला ‘युलॉजी’ असा कार्यक्रम छापलाय, त्यावर काल इथं एकानं पोस्ट टाकली की जिवंत बाईला श्रद्धांजली वाहिली, आणि खाली सगळे दात काढतायत. राग आला म्हणून लिहितोय. शब्द ग्रीकमधून आलाय, यू म्हणजे चांगलं आणि लोगोस म्हणजे बोलणं, यात मरण कुठाय? डिक्शनरी उघडा, माणसाची किंवा कशाचीही जाहीर स्तुती हाच अर्थ आहे, नुकत्याच गेलेल्या माणसाची ‘विशेषतः’, एवढंच. तुमच्या डोक्यात एलेजी बसलीय, ते शोककाव्य, शब्दच वेगळा.

विश्रामबाग :
अहो दादा, त्या ‘विशेषतः’मध्येच सगळं आलं की. मी पुण्यात ज्या ऑफिसात होते तिथं मेलच्या विषयात युलॉजी दिसलं की सगळे एकच विचारायचे, कोण गेलं? जिवंत माणसाची स्तुती करायला एन्कोमियम आहे, पॅनेजिरिक आहे. इ.स. १०० मध्ये रोमन लेखक धाकट्या प्लिनीनं भर सिनेटमध्ये सम्राट ट्राजनची त्याच्यासमोर स्तुती केली, ती पॅनेजिरिक. आणि मराठी पत्रिकेत हे सगळं हवंयच कशाला, मानपत्र म्हणायला काय होतं?

माहुलीपूल :
मानपत्राचं नाव काढू नका ताई. मजकूर प्रिंटिंगवाल्याकडं तयारच असतो, फक्त नाव बदलायचं. माझे वडील वर्कशॉपात मेकॅनिक होते आणि त्यांच्या मानपत्रात काय, तर ‘ज्ञानदानाचा अखंड यज्ञ’! घरी आणून त्यांनी ते कपाटामागं सारलं. पुढं ते गेले तेव्हा संगम माहुलीला रक्षाविसर्जनाला पुढाऱ्याची वाट बघत आई उन्हात ताटकळली, आणि साहेब आले ते वडलांचं नाव चिठ्ठीवर बघून बोलले. नदीकाठची ही भाषणं बंदच झाली पाहिजेत, जिवंतपणी ज्यानं विचारलं नाही त्यानं राखेसमोर माईक धरू नये.

मार्केटयार्ड :
बंद का म्हणून? आमचे आजोबा सांगलीत हळदीची पोती वाहायचे, हमाल. त्यांच्या रक्षाविसर्जनाला एक अनोळखी माणूस पुढं आला आणि म्हणाला, माझी शाळेची फी यांनी भरली. घरात कुणालाच माहीत नव्हतं, आजीलासुद्धा. तिथं बोलायची पद्धत नसती तर आम्हाला कधी कळलं असतं?

माहुलीपूल :
तुमच्याकडं मनापासून बोलणारा भेटला. आमची आई चक्कर येऊन खाली बसली, तुम्ही होता का तिथं? उगाच शिकवू नका.

मार्केटयार्ड :
आईंचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण दोष उशिरा येणाऱ्याचा आहे, बोलण्याचा नाही. पुढाऱ्याला बोलवायचं नाही, ज्यांना माणूस माहितीय त्यांनीच बोलायचं, एवढं तरी मान्य?

माहुलीपूल :
तेवढं मान्य. पुढारी मात्र नकोच.

पोवईनाका :
धागा कुठल्या कुठं नेला! आपल्याकडचंच बघा, नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीनं सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची प्रशस्ती कोरून घेतली ती मुलाच्या माघारी, नातू पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षात. म्हणून प्रशस्तिपत्र घेताना कुणी दचकतं का?

विश्रामबाग :
नाही दचकत, कारण वापर तसा पडला नाही, मी दुसरं काय सांगतेय? डिक्शनरीपुरतं तुमचं बरोबर, घ्या. पण पत्रिका वाचून मॅडमच्या घरी नातेवाइकांचे घाबरून फोन येतील ते तुम्ही उचला.

माहुलीपूल :
नाव काहीही ठेवा, पण मॅडमनी कुठला विषय शिकवला तेवढं तरी त्यात लिहा.