रॉड रॉडीनंतरचा आवाज तुम्हाला कधी रुचला का?

जास्वंद:
१९९९ ला लग्न होऊन न्यू जर्सीत आले. नवरा ऑफिसला, मला गाडी येत नव्हती, एच-फोर म्हणजे नवऱ्यावर अवलंबून असलेल्या बायकोच्या व्हिसावर नोकरीही नाही. सकाळी अकराला सीबीएस चॅनेलवर 'द प्राइस इज राइट' हा वस्तूंच्या किमती ओळखायचा गेम शो लावायचा, हाच माझा इंग्रजीचा क्लास. होस्ट बॉब बार्कर, पण माझे मास्तर म्हणजे निवेदक रॉड रॉडी. बक्षिसांची वर्णनं तो वाचायचा, मी वहीत शब्द उतरवायचे. 'रिक्लायनर' त्या वहीतलाच. अंगात झगमगीत जाकीट आणि प्रेक्षकांतून स्पर्धकाला पुकारताना ते लांबवलेलं 'कम ऑऑऑन डाऊन!' २००३ च्या ऑक्टोबरात तो कॅन्सरने गेला. मग बरेच दिवस आलटून पालटून नवनवे आवाज, शेवटी रिच फील्ड्स ठरला. खणखणीत आवाज, काही खोट नाही. तरी मी टीव्ही म्यूट करून इस्त्री करत बसायचे. मीच खडूस, की तुमचंही असंच?

खारीबिस्कीट:
शिकागोच्या आमच्या काकूंच्या लेखी रॉडीच उपरा! त्यांचा माणूस जॉनी ओल्सन, १९७२ पासूनचा. तो १९८५ ला गेला, तेव्हाही अशीच चार-पाच जणांची चाचणी होऊन रॉडी आला. काकू अजून 'तो जाकीटवाला' एवढंच म्हणतात.

निवांत_पाटील:
आमच्याकडे तर याहून वाईट. 'व्हील ऑफ फॉर्च्युन' या दुसऱ्या गेम शोचा निवेदक चार्ली ओडॉनेल नोव्हेंबर २०१० मध्ये गेला आणि त्याने आधी करून ठेवलेल्या भागांवरही दुसऱ्यांचे आवाज चढवले. अहो, तेराव्यापर्यंत तरी थांबा! मला ते फार लागलं होतं.

मोगरा७२:
मी एकदा लॉस एंजेलिसला 'प्राइस'च्या प्रेक्षकांत बसले होते. इतका कल्ला की पुकारलेलं नाव ऐकूच येत नाही, मोठ्या कार्डावर लिहून दाखवतात. म्हणजे तो आवाज असतो घरी बसलेल्यांसाठीच. तुम्हाला टोचणारच.

जास्वंद:
मोगरा, हे माहीतच नव्हतं! पाटील, तेराव्याचं अगदी पटलं. 'प्राइस'चा २०११ पासूनचा निवेदक जॉर्ज ग्रे मला चालतो, पण लेक म्हणते, "रिच फील्ड्सची सर नाही त्याला." घ्या!
वही सापडली. 'डिनेट सेट'पुढे मी अर्थ लिहिलाय: 'छोटं जेवणाचं टेबल. लोक किंचाळतात.'