मदत हवी आहे : ताठरतेचा त्रास, आणि घरात बंद पडलेलं बोलणं

नेहमीच्या आयडीनं लिहायचं धाडस झालं नाही, म्हणून हा नवा काढलाय. कोल्हापुरात कुठल्याही दोन माणसांच्या मधे तिसरा ओळखीचा निघतोच.

वय ४३. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर. लग्नाला सोळा वर्षं झाली, दोन पोरं आहेत. गेलं दीड वर्ष ताठरता नीट येत नाही. सुरुवातीला महिन्यातून एखाद्या वेळी व्हायचं, नाईट शिफ्टचा थकवा म्हणून सोडून दिलं. आता आली तरी टिकत नाही. पहाटे आपोआप यायची तीही सहा-सात महिने जवळपास बंद आहे. इच्छा मात्र गेलेली नाही, आणि तेच जास्त छळतं.

पण खरं विचारायचंय ते पुढंच. दोन-तीनदा फजिती झाल्यावर मी टाळायलाच लागलो. ती झोपेपर्यंत टीव्हीसमोर बसायचं, मग आत जायचं. सेकंड शिफ्ट मागून घेतली. तिनं हात पुढं केला की मी कूस बदलायचो. आता ती पोरांच्या खोलीत झोपते. आईला सांगितलंय, धाकट्याला रात्री भीती वाटते. मागच्या महिन्यात तिनं सरळ विचारलं, "बाहेर कोण हाय काय तुमचं?" मला हसू आलं. कसं आलं कुणास ठाऊक. तेव्हापासून कामापुरतं बोलणं : दूध आणा, फी भरा.

उद्योग दोन करून झालेत. हायवेकडेच्या एका तंबूतून साडेचार हजारांचं चूर्ण आणलं, दोन महिने दुधातून घेतलं. फक्त पित्त वाढलं. मग एका मित्रानं निळी गोळी दिली. ती त्याच्याच पार्टीत मटण आणि तांबडा-पांढरा हाणून झाल्यावर घेतली. घरी येईपर्यंत डोकं ठणकायला लागलं, बाकी काही नाही.

तंबाखू वीस वर्षं. बीपीची गोळी दोन वर्षं. वडिलांना शुगर होती, माझी कधी तपासली नाही.

डॉक्टर कुठला गाठायचा? आणि बायकोला सांगायचं कसं? दुसऱ्याचं उत्तर आधी द्या.

---

गंगावेसकर : भावा, रोज पहाटे कट्ट्यावर जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध मार. सगळं लाईनीवर येतंय बघ.

बावन्न_पत्ते : गंगावेसकर, दुधानं पैलवान होत असतील, रक्तवाहिन्या मोकळ्या होत नाहीत. माणूस काय विचारतोय ते तरी वाचा.

धागाकर्ते, मी ५२ वर्षांचा, सहा वर्षांपूर्वी तुमच्याच जागी होतो. माझी चूक एकच : मी याला 'मर्दानगीचा' प्रश्न समजलो, तो निघाला रक्तवाहिन्यांचा. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं होतं. तिथल्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार. आतून गंज धरायला लागला की बारीक नळी आधी तुंबते. त्यामुळं हा त्रास पुष्कळदा हृदयविकाराच्या काही वर्षं आधी दिसतो. तुमचं वय, बीपी, तंबाखू, वडिलांची शुगर... पहाटेचं बंद झालंय म्हणताय तेही शरीराकडंच बोट दाखवतं. नुसतं मनाचं असतं तर पहाटेची ताठरता बहुतेक वेळा शाबूत राहते. अर्थात शरीरापासून सुरू झालं तरी भीती त्यात भर घालतेच. एकदा फसलं की पुढच्या वेळी माणूस स्वतःचाच परीक्षक होऊन बसतो, आणि परीक्षकासमोर काही होत नाही.

आधी फिजिशियन गाठा. उपाशीपोटी शुगर, तीन महिन्यांची शुगर, कोलेस्टेरॉल, ईसीजी. टेस्टोस्टेरॉन करायला सांगितलं तर सकाळीच रक्त द्या, दुपारी ते उतरलेलं असतं. मग गरजेप्रमाणे युरोलॉजिस्ट. खासगीत ओळखीचं कुणी भेटेल म्हणून लाजत असाल तर सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, केसपेपर काढा. त्या गर्दीत कोण कशासाठी आलंय कुणाला कळत नाही. बीपीच्या काही गोळ्यांनीही हा त्रास होतो. डॉक्टरांना तसं विचारा, पण आपल्या मनानं बंद करू नका.

औषधवाला : मेडिकल दुकानात वीस वर्षं काढली, म्हणून फक्त गोळीपुरतं. ती निळी गोळी म्हणजे सिल्डेनाफिल. मुळात छातीदुखीवर तपासत होते, हा गुण नंतर लक्षात आला आणि १९९८ साली अमेरिकेत ती या त्रासासाठी मंजूर झाली. तेलकट-तुपकट जेवणावर तिचा असर उशिरा आणि कमी होतो. शिवाय ती नुसती गिळून काही होत नाही, मनात इच्छा आणि जवळीक लागतेच. पार्टीत मित्रांच्या गराड्यात ती काय करणार होती?

आता गंमत बाजूला. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्यानं किंवा नायट्रेटची दुसरी कुठलीही गोळी घेणाऱ्यानं ही गोळी घ्यायचीच नाही. रक्तदाब एकदम कोसळतो, जीव जाऊ शकतो. तुमची बीपीची गोळी कुठली, हे बघितल्याशिवाय मित्रानं द्यायला नको होती. आणि तंबूतल्या चूर्णांत हेच औषध गुपचूप मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत, किती ते कुणालाच माहीत नसतं. असल्या औषधांच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी भिंती रंगलेल्याच.

सईबाई_नव्हे : तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी हातच लावला नाही, म्हणून मी लिहिते. मी त्या बाजूची आहे.

माझ्या नवऱ्यानं आठ महिने सांगितलं नव्हतं. त्या आठ महिन्यांत मी काय केलं सांगू? त्याचा फोन तपासला. शर्टांचे वास घेतले. वजन वाढलं म्हणून रात्रीचं जेवण सोडलं. आता याला आपला कंटाळाच आलाय, अशी मनाची समजूत घातली आणि त्याच्या आधी मीच पाठ फिरवायला शिकले. त्याला वाटायचं मी रागावलेय, मला वाटायचं त्याला मी नकोय. भाऊ, तुमची बायको पोरांच्या खोलीत गेली ती रागानं गेली असेल असं मला नाही वाटत. तिला रोज रात्री तुमची पाठ बघायची नसेल.

सांगताना बिछान्यात सांगू नका, आणि समोरासमोर बसवूनही नको. रंकाळ्याला चालायला न्या. शेजारी चालताना तोंडाकडं बघावं लागत नाही. पहिलं वाक्य 'दुसरं कुणी नाही' हेच असू द्या, आजाराचं नंतर. आणि त्या दिवशी हसलात त्याची माफी मागा. नंतर काही दिवस 'ते' करायचंच नाही असं दोघांनी ठरवून नुसतं जवळ झोपा. आमच्या समुपदेशकांनी हेच सांगितलं होतं. ऐकायला बावळट वाटतं, पण परीक्षाच रद्द झाली की जीव हलका होतो.

बावन्न_पत्ते : ताई, हे सहा वर्षांपूर्वी कुणीतरी मला सांगायला हवं होतं.

गंगावेसकर : चुकलं माझं. दूध मागं घेतो.

---

धागाकर्ता (तेरा दिवसांनी) : सगळ्यांना आधी हिशेब देतो. उपाशीपोटी शुगर २१२, तीन महिन्यांची ९.१. ईसीजी ठीक आहे. गोळ्या सुरू झाल्यात. ताठरतेचं औषध डॉक्टर शुगर जरा खाली आल्यावर देणार आहेत.

रंकाळ्यावर गेलो. दोन फेऱ्या झाल्या तरी तोंड उघडेना. तिसऱ्या फेरीत एकदाचं बोललो, ताई म्हणाल्या त्याच क्रमानं. ती थांबली. म्हटली, "मी इकडं रात्र-रात्र जागतो, आणि तुम्ही हसताय!" मग बराच वेळ पाण्याकडं बघत उभी राहिली. मला वाटलं रडेल. तर म्हणाली, "त्या चूर्णाला किती दिलेत?" आकडा ऐकून जी सुरू झाली ती घर येईपर्यंत. सहा महिन्यांत एवढं सलग बोलली नव्हती.

रिपोर्ट दाखवायला माझ्याबरोबर तीच आली. डॉक्टरांना मी अडखळत होतो ते तिनंच सांगून टाकलं. झोपते अजून पोरांच्या खोलीतच. पण काल रात्री अकराला येऊन गोळी घेतली का विचारून गेली, आणि गादीच्या कडेला पाचेक मिनिटं बसली.

आता एकच अडकलंय. तंबाखू. दिवसाला सात पुड्या होत्या, तीनवर आलोय, पण नाईटला भट्टीजवळ उभं राहिलं की हात आपोआप खिशात जातो. शिफ्टमधल्या कुणी सोडली असेल तर तोंडात त्याऐवजी काय ठेवलं, तेवढं सांगा.