सिस्टिक फायब्रोसिस: घाम खारट, पण श्वासनलिका कोरड्या. हे एकाच दोषातून कसं?

नमस्कार मंडळी,

शरीरक्रियाशास्त्राचा अभ्यास करताना सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ) या आनुवंशिक आजारापाशी गाडी अडली आहे. जाणकारांनी जरा सोडवा.

मला कळलंय ते आधी सांगतो. या आजारात बिघडलेलं, सातव्या गुणसूत्रावरचं सीएफटीआर हे जनुक १९८९ मध्ये सापडलं. त्याच नावाचं प्रथिन पेशीच्या पोकळीकडच्या बाजूला बसतं आणि क्लोराइडला (मिठातल्या ऋणभारित आयनाला) वाट देतं, म्हणजे ते एक चॅनेल आहे. सगळ्यात जास्त आढळणाऱ्या दोषात ५०८ क्रमांकाचं अमिनो आम्ल गळालेलं असतं. प्रथिनाची घडी बिघडते आणि बरंचसं प्रथिन पृष्ठभागावर पोचण्याआधीच पेशी मोडीत काढते. इथवर ठीक.

आता घोळ. घामग्रंथीच्या तळाशी तयार होणाऱ्या घामात मीठ जवळपास रक्ताइतकंच असतं. वर येताना नलिका ते शोषून घेते. सीएफमध्ये हे शोषण होत नाही, म्हणून घाम खारट. मग श्वासनलिकेतही शोषण थांबायला हवं, म्हणजे तिथे मीठ आणि पाणी दोन्ही जास्त उरायला हवं ना? पण पुस्तक म्हणतं की तिथे सोडियमचं शोषण चालूच राहतं, उलट वाढतं, आणि पृष्ठभाग कोरडा पडतो. चॅनेल तेच, दोष तोच, परिणाम उलटे. 'ऊती वेगळी म्हणून' एवढ्या उत्तरावर समाधान होत नाहीये.

प्रतिसाद १

प्रश्न चांगला आहे. पहिली गोष्ट, चॅनेलला स्वतःची दिशा नसते. सीएफटीआर म्हणजे नुसतं दार. आयन आत जाणार की बाहेर, हे दोन्ही बाजूंचं प्रमाण आणि विद्युतभार ठरवतात. त्यामुळे घामनलिकेत त्यातून क्लोराइड शोषलं जातं आणि श्वासनलिकेत स्रवतंही.

खरा फरक पर्यायी वाटांचा आहे. घामनलिकेत क्लोराइडला सीएफटीआरखेरीज म्हणावी अशी वाट नाही. ती बंद झाली की थोडं सोडियम आत जातं, मागे राहिलेल्या क्लोराइडमुळे पोकळी आणखी ऋणभारित होते आणि तोच ऋणभार उरलेल्या सोडियमला धरून ठेवतो. शिवाय ही नलिका पाणी फारसं जाऊ देत नाही. म्हणून घामाचं प्रमाण नेहमीसारखंच, फक्त मीठ जास्त. घामाच्या तपासणीत क्लोराइड लिटरला ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त आलं तर सीएफ, ३० च्या खाली आलं तर शक्यता कमी.

श्वासनलिकेचं अस्तर मात्र तसं गच्च नाही. पेशींच्या मधल्या फटींतून क्लोराइड सोडियमच्या मागे जाऊ शकतं आणि पाणीही सहज जातं. स्राव बंद, शोषण चालू. मग द्रवाचा थर पातळ होतो, केसलांना (कफ पुढे ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांना) हलायला जागा उरत नाही, कफ साचतो. सोडियमचं शोषण 'वाढतं' यावर मात्र एकमत नाही. सीएफ असलेल्या डुकरांवरच्या प्रयोगांत तशी वाढ दिसली नव्हती. परीक्षेत लिहा, पण छातीठोकपणे नको.

प्रतिसाद २

वरच्यात भर: बायकार्बोनेट विसरू नका, तेही याच दारातून जातं. स्वादुपिंडाच्या नलिका तुंबतात त्यात त्याचा मोठा वाटा आहे. श्लेष्म्यातली प्रथिनं कॅल्शियममुळे घट्ट गुंडाळलेली असतात. बायकार्बोनेट ते कॅल्शियम काढून घेतं तेव्हा ती फुलतात. नुसत्या पाण्याच्या हिशोबाने कफाचा चिकटपणा पुरता उलगडत नाही.

धागाकर्ता

'पर्यायी वाट' वाचलं आणि गाठ सुटली! दोघांचे आभार. आता एकच शंका: या रुग्णांना ७ टक्के मिठाचं पाणी नेब्युलायझरने देतात. मीठच द्यायचं?

प्रतिसाद १

हो. पाण्याला कुठलं चॅनेल बिघडलंय याच्याशी देणंघेणं नाही, ते मिठाकडे जातं. वरून मीठ घातलं की पेशींतून पाणी बाहेर ओढलं जातं आणि थर काही काळ भरतो. शोषण चालूच असल्यामुळे तो पुन्हा आटतो, म्हणून हे रोजच करावं लागतं.