वेब्ली मार्क ६: फ्रेम आणि सिलिंडरचे नंबर जुळत नाहीत, म्हणजे नक्कल समजायची का?

माहीमकर७१:
वडिलांच्या परवान्यावरचं वेब्ली मार्क ६ रिव्हॉल्व्हर आहे, .४५५ बोअरचं. वारस म्हणून परवाना माझ्या नावावर करण्याचा अर्ज पोलिस आयुक्तालयात दिलाय. तोवर हत्यार एका परवानाधारक विक्रेत्याकडे सेफ कस्टडीत आहे आणि तिथेच बसून बघता येतं. डाव्या बाजूला वेब्ली, मार्क ६, १९१७ असे ठसे, शिवाय एक बाण. फ्रेमवरचा (मुख्य सांगाड्यावरचा) नंबर एक, सिलिंडरवरचा (काडतुसांच्या फिरत्या नळकांड्यावरचा) दुसराच. रंग आरशासारखा चकचकीत काळा. एक जाणकार म्हणतात दर्र्याची (पाकिस्तानातल्या दर्रा आदम खेलची, हाताने बनवलेली) नक्कल, दुसरे म्हणतात अस्सल, नुसतं घासून पॉलिश केलंय. मी नेमकं काय बघू?

जुनी_बंदूक:
आधी रिकामं आहे का ते स्वतः बघा, विक्रेता कितीही सांगो. डावीकडची अंगठ्याची कडी दाबून नळी खाली वाकवा, सहाही घरं डोळ्यांनी बघा, मगच पुढे.

मग ठशांचा आपसात मेळ लावा. मार्क ६ सेवेत आलं १९१५ मध्ये, सहा इंची नळी, चौकोनी मूठ. पहिल्या महायुद्धातली सगळी बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटची. एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यात मार्क ६ बनलं ते १९२१ ते १९२६ दरम्यान. म्हणून मार्क ६ वर 'एन्फिल्ड १९१७' दिसलं तर तिथेच थांबायचं. तुमच्यावर वेब्ली आणि १९१७ आहे, हे बसतं.

पेशावर-कोहाट रस्त्यावरच्या दर्रा आदम खेलच्या मालात चुका ठरलेल्या. इंग्रजी एन उलटा, एस आरशातल्यासारखा, स्पेलिंगमध्ये अक्षर गाळलेलं. मुकुटाखाली व्हिक्टोरियाची आद्याक्षरं आणि खाली १९१६-१७ साल हेही सापडतं. राणी वारली जानेवारी १९०१ मध्ये! कारागीर हाताने उत्तम काम करतात, पण समोरचा नमुना चित्रासारखा उतरवतात, वाचत नाहीत.

बाणही नीट बघा. बाणाखाली इंग्रजी आय असेल तर भारत सरकारची मालमत्ता होती. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर सरकारी सेवेतून विकून टाकलेलं.

गिरगाव_भिंग:
ठसे वाचण्याआधी त्यांचे काठ बघा. दहापट भिंग आणि मोबाइलचा टॉर्च पुरे, टॉर्च बाजूने आडवा धरायचा. पंच ठोकून मारलेल्या अक्षराच्या कडेला धातू किंचित वर उचललेला असतो आणि अक्षराचा तळ व्ही आकारात निमुळता जातो. मशीनने कोरलेल्या अक्षराचा तळ सपाट किंवा गोल, रुंदी सगळीकडे सारखी. कारखान्यातला ठसा ब्लूइंगच्या, म्हणजे धातूवर चढवलेल्या निळ्या-काळ्या रंगाच्या, आधीचा, त्यामुळे अक्षराच्या आतही बाहेरच्यासारखाच जुना रंग. आत धातू ताजा चमकत असेल तर ठसा नंतरचा.

आता तुमची चकाकी. बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं चाक, लावला की उचललेले काठ आधी जातात, अक्षरं उथळ होतात, स्क्रूच्या भोकांचे काठ बशीसारखे खोलगट होतात, फ्रेमच्या कडा गोलसर होतात. हे सगळं दिसलं तर बंदूक खोटी ठरत नाही, पण संग्राहकाच्या हिशेबात किंमत बरीच उतरते. लोक नेमकी हीच 'छान ठेवलेली' म्हणून जास्त पैसे मोजून घेतात.

मुठीच्या पट्ट्या व्हल्कनाइटच्या, म्हणजे गंधकाने कडक केलेल्या रबराच्या. उजेड लागून त्या तपकिरी-हिरवट पडतात. शंभर वर्षांनीही एकसारख्या काळ्याभोर असतील तर बदललेल्या असण्याची शक्यता जास्त. गरम सुई टोचायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, कायमचं भोक पडतं.

परळ_४५५:
नंबर जुळत नाही म्हणून नक्कल, हे तर्कट उलटं आहे. नक्कल करणारा बहुतेक वेळा सगळीकडे इमाने एकच नंबर ठोकतो. वेगळा नंबर म्हणजे सुटे भाग जोडून केलेली दुरुस्ती असण्याची शक्यता जास्त.

सिलिंडरची मागची कडा जरूर तपासा. युद्धानंतर अमेरिकेत गेलेल्या पुष्कळ वेब्ली मागून तासल्या, कारण तिथे .४५ एसीपी (पिस्तुलाचं अमेरिकन काडतूस) सहज मिळायची आणि ती क्लिपसकट (काडतुसं धरणाऱ्या पत्र्याच्या पट्टीसकट) बसवायला जागा लागते. तासलेल्या सिलिंडरवर नंबरचा एखादा भागच कापला गेलेला दिसतो. शिवाय कारखान्यात भरलेल्या एसीपीचा दाब या बंदुकीच्या मूळ काडतुसापेक्षा बराच जास्त, धातू ताणला जातो. आपल्याकडे असा माल क्वचित, पण बघायला मिनिटही लागत नाही.

नळीतून उजेडाकडे बघून खाचा मोजा. सात हव्यात, उजवीकडे वळणाऱ्या, अंतर सारखं. नकलेत अंतर डोळ्याला खटकतं.

माहीमकर७१:
बघून आलो. खाचा सात, सारख्या. एन सरळ. अक्षरं उथळ, स्क्रूचे काठ खोलगट. सिलिंडरवरचा नंबर पूर्ण आहे, कापलेला नाही, आणि त्याच्या अक्षरांचे काठ फ्रेमपेक्षा धारदार आहेत.

गिरगाव_भिंग:
मग चित्र स्पष्ट आहे. फ्रेम अस्सल, नंतर बफ केलेली. सिलिंडर दुसऱ्या वेब्लीचं, आणि ते बफ झालेलं नाही किंवा कमी झालंय. पलटणीच्या आर्मररने, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याने, बदललं असतं तर बहुधा जुना नंबर काटून फ्रेमचा नंबर मारलेला दिसला असता, म्हणजे हे बहुतेक सेवेतून बाहेर पडल्यावरचं काम.

परक्या सिलिंडरचा खरा प्रश्न बसण्याचा. विक्रेत्याच्या आर्मररकडून एवढं करून घ्या: ट्रिगर मागे धरून सिलिंडर हलतं का, सहाही घरं नळीशी सरळ येतात का, बिजागरीत नळी डगडगते का. एखादं घर जरी सरळ येत नसेल तर गोळी नळीच्या तोंडाशी खरवडते आणि शिशाचे कण बाजूने उडतात.

जुनी_बंदूक:
कायद्याचं थोडक्यात. शंभर वर्षांची आहे म्हणून परवाना नको, हा समज चूक. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधली सूट, दुरुस्त करूनही जे झाडता येणार नाही अशाच जुन्या हत्याराला आहे. तुमचं चालू स्थितीत आहे. आणि परदेशी लिलावाचा विचार असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही बघावा लागेल, १९१७ ची वस्तू शंभरी ओलांडून गेली आहे.

होल्स्टर चोरबाजारातून घेणार असाल तर ३७ पॅटर्नची (ब्रिटिश लष्कराच्या १९३७ च्या नमुन्याची) कॅनव्हासची घेऊ नका, ती .३८ बोअरच्या रिव्हॉल्व्हरसाठीची. कुठलीही घेतली तरी बंदूक तिच्यात ठेवायची नाही. मुंबईच्या पावसाळ्यात चामडं ओल धरून बसतं आणि ब्लूइंगखाली गंज धरतो. बंदुकीला तेलाचा पातळ हात, सिलिका जेल, आणि बंदूक व होल्स्टर वेगवेगळं.