आपलं उपनगर खरंच असुरक्षित झालंय का?

सरळरेघ

महिनाभर एकच विषय चाललाय. गुन्हे वाढले, मागची वाट बंद करा, फाटक बसवा, बाहेरच्यांना आत सोडू नका. मला हे पटत नाही, म्हणून हा धागा.

आधी आकड्यांचं बघू. समजा, दहा हजार वस्तीच्या उपनगरात मागच्या वर्षी ४ घरफोड्या झाल्या आणि यंदा ७. लगेच बातमी होते, 'घरफोड्यांत ७५ टक्के वाढ'. त्या जास्तीच्या तीन कुटुंबांचं नुकसान खरं आहे, ते मी कमी लेखत नाही. पण आकडाच एवढा लहान असला की एखादी टोळी आठवडाभर फिरून गेली तरी वर्षाचा आलेख उभा चढतो आणि पुढच्या वर्षी आपोआप खाली येतो. निदान पाच वर्षांचे आकडे शेजारी ठेवून बघायला हवेत. शिवाय गुन्ह्यांचं प्रमाण काढताना भागतात ते तिथे राहणाऱ्यांच्या संख्येने. जिथे स्टेशन किंवा मोठा बाजार आहे तिथे दिवसाला हजारो माणसं येऊन जातात, पाकिटं त्यांचीही मारली जातात, पण भागाकारात ती माणसं धरलेली नसतात. मग तो भाग कागदावर भयंकर दिसतो.

फाटकाला माझा विरोध आहे. शहरांचा अभ्यास करणाऱ्या जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्येच सांगितलं होतं की रस्ता सुरक्षित राहतो तो त्यावर सतत असणाऱ्या लोकांच्या नजरेमुळे. येणं-जाणं बंद केलं की ती नजरही जाते.

रात्रपाळी

तुमचा भागाकार बरोबर असेल, पण त्यात मी कुठेच नाही.

माझं काम रात्री साडेदहाला सुटतं. बसथांब्यापासून मैदानाच्या कडेने घर सात मिनिटांवर. त्या वाटेवरचे दोन दिवे वर्षभर बंद आहेत. एका रात्री मागून एक जण चालत होता. मी थांबले की तो थांबायचा, मी निघाले की निघायचा. पर्समधून किल्ल्या काढल्या आणि मुठीत अशा धरल्या की एकीचं टोक दोन बोटांमधून बाहेर राहील. पुढे एका घराचं दार उघडं दिसलं, तिथे पायरीवर जाऊन उभी राहिले. तो माझ्याकडे न बघता पुढे निघून गेला.

तक्रार कशाची करू? त्याने मला हातही लावला नव्हता. तेव्हापासून मी हमरस्त्याने वीस मिनिटांचा वळसा घालून येते. माझ्या ओळखीच्या आणखी तिघीही तसंच करतात. आता त्या वाटेवर आमच्यापैकी कुणाच्या बाबतीत काही घडणं शक्यच नाही. नोंदीत ती वाट सुरक्षित दिसते, कारण आम्ही ती सोडून दिली आहे.

कोपऱ्यातलं घर

आमचं घर दोन महिन्यांत दोनदा फुटलं. दुसऱ्या वेळी जो टीव्ही गेला तो पहिल्याच्या जागी घेतलेला होता. कोयंडा त्याच ठिकाणी उचकटला होता. माझी आई अजून दुपारी एकटी झोपत नाही, खुर्चीत बसून राहते. आलेख उतरेपर्यंत तिने थांबायचं का? फाटक, कॅमेरे, रात्रीची गस्त, तिन्ही पाहिजेत.

सरळरेघ

@रात्रपाळी, तुमचं म्हणणं मान्य. मी फक्त नोंदवलेल्या गुन्ह्यांबद्दल बोलत होतो, ती माझी चूक. अमेरिकेत १९७३ पासून आणि इंग्लंडमध्ये १९८२ पासून थेट घरोघरी विचारून पाहणी होते. तिथेही दिसतं की बरेच गुन्हे पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत. आणि तुम्ही सांगितलंत ते तर त्या पाहणीतही नीट पकडता येणार नाही.

@कोपऱ्यातलं घर, तुमच्याकडे दुसऱ्यांदा चोरी झाली यात अपघात नाही. एकदा फुटलेलं घर पुढचे काही आठवडे जास्त धोक्यात असतं. चोराला वाट माहीत झालेली असते, गेलेल्या वस्तूंच्या जागी नव्या येणार हेही माहीत असतं. इंग्लंडमध्ये रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८०च्या दशकात हेच ध्यानात घेऊन काम केलं. चोरी झालेल्या घराची कुलपं लगेच मजबूत केली, आजूबाजूच्या पाच-सहा घरांनी त्या घरावर लक्ष ठेवलं, नाणी टाकून चालणारे घरातले वीज-गॅसचे मीटर काढले, कारण चोर त्यातले पैसे नेत. घरफोड्या निम्म्याहून कमी झाल्या, फाटकाशिवाय.

नुसत्या गस्तीचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये काही भागांत नेहमीची गस्त बंद केली, काही भागांत दुप्पट-तिप्पट केली. गुन्ह्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, लोकांच्या भीतीतही नाही. कॅमेऱ्यांचा गुण दिसतो तो मुख्यतः वाहनतळांवर. मारहाणीसारख्या गुन्ह्यांना त्याने फारसा आळा बसत नाही.

कोपऱ्यातलं घर

पहिली चोरी झाली तेव्हा शेजारचं एक दारही उघडलं नाही. पाच-सहा घरं लक्ष ठेवतील हे कशाच्या भरवशावर म्हणता? फाटकाला निदान कुणाच्या मर्जीची गरज नाही.

मागची वस्ती

इतका वेळ वाचत होतो. 'बाहेरचे' म्हणजे आम्ही. मी पार्सल पोचवतो, बायको तुमच्याच तीन घरांत आजारी माणसांची देखभाल करते. ही वाट बंद झाली तर तिला रोज हायवेच्या कडेने जावं लागेल, जिथे पदपथ नाही. गेल्या महिन्यात एकाने माझा फोटो काढून 'संशयित' म्हणून ग्रुपवर टाकला. मी फक्त घराचा नंबर शोधत होतो. चोरी आमच्याकडेही होते. माझी सायकल गेली, कुणी फाटकाची मागणी केली नाही.

कोपऱ्यातलं घर

तो फोटो टाकणं चूकच. मी तेव्हा गप्प बसलो, तीही चूक.

सरळरेघ

याला जोडून एक सांगतो. अमेरिकेतल्याच मिनियापोलिस शहराच्या १९८९ च्या अभ्यासात पोलिसांना आलेले निम्मे फोन शहरातल्या जेमतेम ३ टक्के पत्त्यांवरचे निघाले. म्हणजे गुन्हे ठरावीक ठिकाणी साचतात, त्यांचा दोष सबंध वस्तीवर ढकलणं चुकीचं आहे. एखादी बंद पडलेली इमारत असेल, अंधारा कोपरा असेल, ते ठिकाण शोधा आणि दुरुस्त करा.

रात्रपाळी

अंधारा कोपरा मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलाय. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सार्वजनिक घरांच्या वसाहतींत मोठे दिवे लावून बघितले, तर रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. आपल्याकडे दोन दिव्यांचा प्रश्न आहे. फाटकाची वर्गणी ठरवायला तीन बैठका झाल्या, दिव्यांसाठी एकही नाही.

कोपऱ्यातलं घर

फाटक हवंच, हे माझं मत बदललेलं नाही. पण दिव्यांच्या अर्जावर पहिली सही माझी घ्या. खांबांचे नंबर लागतील.

रात्रपाळी

उद्या रात्री येताना टिपून आणते. त्यासाठी मैदानाच्या कडेने यावं लागेल. पावणेअकराला कुणी थांब्यावर येईल का?

मागची वस्ती

माझी शेवटची फेरी तिथेच संपते. मी असेन, बायकोही असेल.

कोपऱ्यातलं घर

मी टॉर्च घेऊन येतो.